फोनमधला बाबा

"बाबा, आपल्याकडे एक काका आलेत," धाकटा फोनमध्ये म्हणाला. "ते खूप ओरडतात. आणि माझ्या जागेवर झोपतात."

फोनच्या दुसऱ्या टोकाला फिटर होता. दुसरं टोक म्हणजे काही सातासमुद्रापलीकडे नव्हतं, मधे फक्त एक भिंत होती. धाकटा पलंगाखाली आईचा जुना फोन घेऊन बसला होता आणि फिटर स्वयंपाकघरात कांदा चिरत उभा होता. फोन वाजला, त्याने सवयीने उचलला आणि हे ऐकलं. आता या पोराला ओरडून सांगावं की अरे, तो काका म्हणजे मीच, तर तक्रार नेमकी ओरडण्याचीच होती. फिटरने सुरी खाली ठेवली आणि अगदी हळू म्हणाला, "बरं. आणखी काय म्हणतोस?" आणि इथेच तो फसला. या एका वाक्याने त्याने आपल्याच घरात आपलीच सवत आणून बसवली.

फिटर म्हणजे जहाजाच्या इंजिनरूममधला फिटर. माणूस जहाजावर असतो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मोकळा वारा, उगवता सूर्य असलं काहीतरी येतं. हा बिचारा वर्षानुवर्षं पाण्याच्या पातळीखाली, तेलाच्या वासात, हातात पाना घेऊन पाइपांशी झटत होता. समुद्र त्याने पाहिला तो गोल खिडकीतून, तोही तोंड धुताना. खाली इंजिनांची धडधड एवढी, की शेजारच्याला काही सांगायचं तर बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. ओरडून ओरडून तोच त्याचा साधा आवाज झाला होता, आणि गंमत म्हणजे हे त्याला स्वतःला ठाऊक नव्हतं. बायको सांगायची, पण बायको काय, काहीही सांगते, असं म्हणून त्याने ते सोडून दिलं होतं. घरी आल्यावर तो "मीठ दे" म्हणाला की शेजारी गॅलरीत येऊन बघायचे.

फोनवरचा फिटर मात्र निराळा. पाळी संपली की तो आपल्या बंकवर पडून फोन लावायचा, आणि खालच्या बंकवर जहाजाचा आचारी घोरत असायचा. आचाऱ्याची झोप मोडली तर दुसऱ्या दिवशी ताटात काय पडेल त्याचा नेम नसे. म्हणून फिटर तोंडाशी हात धरून कुजबुजायचा. जहाजावरचं नेट रडतखडत चालणारं, चेहरा कधी दिसायचा नाही. धाकट्याला दिसायचा तो एक जुना फोटो, भरघोस दाढी आणि निळा डगला, आणि ऐकू यायची ती कुजबुज. तिला कधी कुठे जायची घाई नसे, ती कधी रागवत नसे, आणि मुंगी मेली तरी "अरेरे, कशी?" असं विचारत असे. तो धाकट्याचा बाबा. फिटर गेल्या खेपेला सुट्टीवर आला तेव्हा धाकटा नुकता धडपडत चालायला लागला होता. मग बदली माणूस मिळेना म्हणून एका कराराला दुसरा जोडला गेला, आणि आता फिटर कायमचा म्हणून घरी परतला तेव्हा त्याच्यासमोर चार वर्षांचा, बूट स्वतःचे स्वतः घालणारा एक गृहस्थ उभा होता. त्याने या दाढी उतरवलेल्या, मोठ्या आवाजाच्या माणसाला खुर्ची दिली आणि विचारलं, "तुम्ही पाणी घेणार का?"

पाहुण्यांशी कसं वागायचं ते आईने त्याला चांगलं शिकवलं होतं.

आई शिवणकाम करायची, शाळांचे गणवेश. शाळा उघडायच्या आधीच्या दिवसांत तिच्या यंत्राला दम खायची फुरसत नसे. तिनेच तोडगा काढला. "मी घरात आहे तोवर तो तुझ्याकडे यायचा नाही. दोघांना घेऊन कुठेतरी जा आठवडाभर. मी नसले की झक मारत येईल."

"आणि नाही आला तर?" फिटरने विचारलं. शेजारच्या गॅलरीचं दार उघडल्याचा आवाज आला.

"हळू बोल. नाही आला तर नाही आला."

फिटर तिच्या समोर बसला. जहाज कंपनीचा पुन्हा फोन आला होता, फिटर हवा होता, आणि काय ते सहलीहून आल्यावर कळवायचं होतं. इथे एका कारखान्यात पंपांच्या दुरुस्तीचं काम मिळत होतं, पण फिटरचं मन दोन्हीकडे ओढत होतं. "खरं सांगू?" तो म्हणाला. "इथे राहून काका होण्यापेक्षा तिथे राहून बाबा असलेलं बरं. नाहीच जमलं तर जातो परत."

बायकोने दाताने दोरा तोडला. "ते तुझं तू ठरव. पण आधी नीट हरून ये. खेळायच्या आधीच पळू नकोस."

कुठे जायचं ते थोरलीने ठरवलं. ती आठ वर्षांची होती आणि घरातले बहुतेक निर्णय तीच घ्यायची. लाटांवर उभी राहिलेली मुलं तिने कुठेतरी चित्रात पाहिली होती. धाकट्याला ती लिंबू म्हणायची, कारण तिच्या मैत्रिणींच्या खेळात तो कायम कच्चं लिंबू असायचा, खेळात घेतलेला पण आउट होत नसलेला. तेच नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं.

गाव होतं नारळीच्या झाडांचं आणि ओल्या टॉवेलांचं. जिथे बघावं तिथे कठड्यांवर, तारांवर, सायकलींच्या हँडलवर काहीतरी वाळत टाकलेलं. लोक अनवाणीच दुकानात शिरायचे, पाव आणि अंडी घ्यायचे, आणि "आज कशा आहेत?" असं एकमेकांना विचारायचे. प्रकृतीची विचारपूस चाललीय असं फिटरला वाटलं, पण ती लाटांची होती. सायकलींना बाजूने लाटांवर उभं राहायचे लांब बोर्ड अडकवायच्या कड्या, फुटपाथवर ऐसपैस झोपलेली कुत्री, आणि हवेत मीठ इतकं की कुलपंसुद्धा दर आठवड्याला तेल मागत असावीत. फिटरने पहिल्याच दिवशी खोलीच्या कुलपाला तेल दिलं. माणसाचा हात रिकामा राहत नाही.

खोली होती तुटके बोर्ड दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराच्या दुकानावर. खाली घासकामाची धूळ आणि डिंकासारखा उग्र वास, वर दोन पलंग, एक पंखा आणि पंख्याखाली सुकत घातलेले तिघांचे कपडे. झोपायला कोण कुठे, हा प्रश्न आला तेव्हा लिंबू फिटरला म्हणाला, "तुम्ही तो मोठा घ्या. तुम्ही दमला असाल." स्वतः ताईच्या पाठीला चिकटून झोपला. एवढ्या आदराने फिटरला आजवर कॅप्टननेही वागवलं नव्हतं, आणि एवढं वाईटही कधी वाटलं नव्हतं.

लाटांची शाळा वाळूतच होती. मास्तरीण म्हणजे उन्हाने रापलेली, काटक बाई. गळ्यात शिट्टी, नाकावर पांढरा मलम. पोरांचे बोर्ड मऊ असायचे, पडलं तरी लागणार नाही असे, आणि बोर्डाची दोरी घोट्याला बांधायची. मास्तरणीचा नियम एकच पण पक्का होता. लहान मुलाबरोबर त्याचं घरचं माणूस पाण्यात उभं राहिलं पाहिजे. त्याने मागून बोर्ड धरायचा, लाट आली की ढकलायचा आणि "ऊठ" म्हणून सांगायचं.

"तुझं घरचं माणूस कोण?" तिने लिंबूला विचारलं.

"घरचं कोणी नाही आलं," लिंबू म्हणाला. मग फिटरला वाईट वाटू नये म्हणून त्याने जोडलं, "हे आलेत."

थोरलीने कपाळावर हात मारला. "अहो, बाबा आहे तो त्याचा. हा येडा आहे. ह्याला वाटतं बाबा फोनमध्ये राहतो."

मास्तरणीने फिटरकडे पाहिलं. पण पाण्यात तिची आणखी पोरं खोळंबली होती. "जा दादा, धरा बोर्ड," एवढंच ती म्हणाली.

फिटर पाण्यात शिरला. इतकी वर्षं समुद्रावर काढून समुद्रात तो पहिल्यांदाच उतरत होता, आणि पाणी गुडघ्यांना लागल्याबरोबर त्याने पोराच्या बोर्डाची कड घट्ट पकडली. आधार कोणाला कोणाचा, ते त्याने कोणाला कळू दिलं नाही. लाट आली. फिटरने बोर्ड ढकलला आणि इंजिनरूममध्ये द्यायचा तसा आवाज दिला, "ऊऽऽठ!"

किनाऱ्यावरची कुत्री उठली. दोन बोर्डांपलीकडचा एक जाडजूड गृहस्थ दचकून पाण्यात पडला. लिंबू तेवढा उठला नाही. तो बोर्डाला पालीसारखा चिकटून राहिला, वाळूला लागल्यावर उतरला, घोट्याची दोरी सोडली आणि जाऊन ताईच्या टॉवेलात बसला.

"काय झालं?" फिटरने विचारलं.

"काही नाही. तुम्ही खेळा," लिंबू म्हणाला.

त्या संध्याकाळी लिंबूने ताईकडे आईचा तो जुना फोन मागितला. फिटरचा फोन वाजला. थोरलीने बापाकडे असं पाहिलं की, आता? फिटरने ओठांवर बोट ठेवलं आणि जिना उतरून तो खाली दुकानामागे गेला, भिंतीला टेकवून ठेवलेल्या तुटक्या बोर्डांच्या आडोशाला.

"बोल रे राजा," तो कुजबुजला.

मग लिंबू जे बोलायला लागला ते थांबेचना. समुद्र केवढा आहे, एका कुत्र्याला एकच कान आहे, ताईने त्याचं अर्धं केळं खाल्लं. दिवसभरात फिटरला त्याच्या तोंडून "हो", "नको" आणि "थँक्यू" याखेरीज काही मिळालं नव्हतं. इथे फोनमध्ये मात्र पोराच्या जिभेला हाड नव्हतं. फिटर बोर्डांमागे उकिडवा बसून ऐकत होता आणि त्याला स्वतःचाच हेवा वाटत होता.

"आणि बोर्डावर उभा राहिलास का?" त्याने विचारलं.

"नाही. मला राहायचं होतं. पण ते ओरडतात ना. ते ओरडले की मला वाटतं काहीतरी फुटलं."

फिटरच्या बायकोने हेच त्याला हज्जारदा सांगितलं होतं, आणि ते पालथ्या घड्यावर पाणी होतं. आता ते आत शिरलं. "मग त्यांना सांग ना, हळू बोला म्हणून."

लिंबूने विचार केला. "पाहुण्यांना असं सांगायचं नसतं. तूच सांग त्यांना."

"सांगतो," फिटर म्हणाला. दुसरं काय म्हणणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तो उठून वळला तर समोर कारागीर, नाकावरचा फडका खाली ओढून उभा. त्याच्या तोंडावर तिरस्कार स्पष्ट दिसत होता. "दादा, वर दोन लेकरं आहेत तुमची," तो म्हणाला. "आडोशाला बसून असं गुलुगुलु बोलणं शोभतं का?"

"अहो, लेकराशीच बोलत होतो."

"लेकरू वर आहे."

"त्याच्याशीच," फिटर म्हणाला. स्पष्टीकरणाच्या भानगडीत न पडता तो जिना चढून गेला. करायला जावं एक आणि व्हावं भलतंच.

दुसऱ्या दिवसापासून फिटर हळू बोलायला लागला. हे लिहायला सोपं आहे. त्याला ते पाना न धरता नट फिरवण्याइतकं अवघड गेलं. दर वाक्याआधी तो थांबायचा, गळा आवळायचा, आणि मग शब्द सोडायचा. दुकानात त्याने अंडी इतक्या हळू मागितली की दुकानदाराने त्याला घशाच्या गोळ्या दिल्या. पण फळ आलं. लिंबू त्याच्याकडे तिरक्या नजरेने बघू लागला. पायऱ्या उतरताना एकदा त्याने फिटरचं बोट धरलं, आणि पायऱ्या संपल्या तशी "थँक्यू" म्हणून सोडून दिलं. नाश्त्याला त्याने आपल्या पावाची कड फिटरच्या ताटलीत ठेवली. कड त्याला आवडत नसे हे खरं, पण फिटरने ती जपून खाल्ली. पाण्यातही तो पुन्हा आला. बोर्डावर पोटावर झोपून दोन-तीन लाटा त्याने गुपचूप घेतल्या. उभं राहायचं मात्र नाव काढेना.

संध्याकाळचा फोन चालूच होता. कारागीर आता फिटर दिसला की मुद्दाम घासायचं यंत्र चालू करायचा.

"आज ते ओरडले नाहीत," लिंबूने कळवलं.

"म्हणजे चांगले आहेत तर?" फिटरने जीव मुठीत धरून विचारलं.

"ठीक आहेत. कुलूप दुरुस्त करता येतं त्यांना." मग जरा थांबून, "बाबा, तू कधी येणार?"

फिटरने बाहीने डोळे पुसले. धूळ डोळ्यांत गेली असं त्याने मनाशी म्हटलं, पण यंत्र त्या वेळी बंद होतं.

"तू आलास ना," लिंबू समजुतीने म्हणाला, "की आपण त्यांना पाठवून देऊ. त्यांच्या घरी पण कोणी असेल ना."

त्या संध्याकाळी फिटरने बायकोला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडे शिवणयंत्र धडधडत होतं. त्याला वाटलं ती हसेल. ती हसली, पण थोडंच. "दोन-दोन संसार किती दिवस ओढणार आहेस?" ती म्हणाली. "त्याला सांगून टाक."

"सांगितलं आणि त्याने फोन करणंच सोडलं तर? मग मी कुठलाच राहणार नाही."

"ती भीती तुझी आहे. त्याच्यावर ढकलू नकोस," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "जहाजाचं काय ठरवलंस?"

"जावं असं वाटतंय," फिटर म्हणाला. हे त्याने पहिल्यांदाच तोंडाने उच्चारलं, आणि आपलं आपल्यालाच कसंतरी झालं.

शेवटच्या दिवशी समुद्र खवळला नव्हता, पण मूडमध्ये होता. किनाऱ्याजवळच्या लाटासुद्धा फेसाचे ढीग घेऊन येत होत्या आणि आवाज असा की शेजारचा खोकला ऐकू येऊ नये. मास्तरणीने सगळ्या मोठ्या माणसांना एका ओळीत उभं केलं. "आज जोरात सांगा," ती म्हणाली. "लाट मागून येते, पोराला दिसत नाही. त्याचे डोळे म्हणजे तुमचा आवाज. दादा, ऐकलंत ना? काल तुम्ही पुटपुटत होतात."

फिटरने मान हलवली. पण त्याने शब्द दिला होता, आणि तोही फोनमधल्या बाबाच्या तोंडून दिला होता. त्याला मोडायचा नव्हता.

लिंबू बोर्डावर झोपला. आज त्याने स्वतःहून मागे वळून सांगितलं, "मी उभा राहणार आहे. तुम्ही सांगा कधी ते."

"सांगतो," फिटर म्हणाला. त्याचं काळीज एवढं मोठं झालं की पाण्याच्या भीतीला आत जागाच उरली नाही.

लाट आली. चांगली कंबरेएवढी, डोक्यावर फेस घेतलेली. फिटरने बोर्ड ढकलला आणि जगातल्या सगळ्या मायेने, हळूच म्हणाला, "ऊठ."

त्या गडगडाटात ते त्याचं त्याला ऐकू आलं नाही. लिंबू वाट बघत पडून राहिला. कधी सांगतील, कधी सांगतील, अशी त्याची मान ताठ झालेली फिटरला मागून दिसत होती. तेवढ्यात बोर्डाचं नाक पाण्यात घुसलं, मागचं टोक वर आलं, आणि लिंबू फेसात दिसेनासा झाला.

पाणी फिटरच्या मांडीएवढंही नव्हतं. दोन ढांगांत त्याने पोराला काखेत धरून वर उचललं. पण तेवढ्यात त्याच्या मनात काय काय येऊन गेलं ते तोच जाणे. लिंबू खोकला, नाकातोंडातून खारं पाणी काढलं, डोळे चोळले आणि फिटरच्या हातांतून सुटायला धडपडू लागला. फिटरने त्याला वाळूवर उतरवलं. घोट्याची दोरी सोडून तो तडक पिशवीकडे निघाला. रडत नव्हता. ओठ घट्ट मिटलेले होते.

"लिंबू, लागलं का रे?" थोरली टॉवेल घेऊन धावली. त्याने टॉवेल बाजूला सारला, पिशवीत हात घातला, फोन काढला आणि ओल्या बोटाने तो दाढीचा फोटो दाबला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा लागला.

फिटरचा फोन त्याच पिशवीत होता. तो वाजू लागला.

थोरलीने तो काढून बापाकडे धरला आणि डोळ्यांनी विचारलं, आता काय करणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. फिटरने फोन घेतला आणि नेहमीच्या सवयीने आडोसा शोधला. नळाच्या मोरीची भिंत पंधरावीस पावलांवर होती. तो दोन पावलं गेलाही. मग त्याने मागे पाहिलं. लिंबू कानाला फोन लावून, ओला चिंब, कुडकुडत उभा होता. त्याच्या नाकातून अजून पाणी गळत होतं. अशा पोराकडे पाठ करून भिंतीमागे लपायचं आणि तिथून त्याला माया करायची, हे फिटरच्याने होईना. जहाजावर इलाज नव्हता. इथे होता.

तो परत आला. लिंबूसमोर वाळूत गुडघे टेकून बसला, फोन कानाला लावला आणि उचलला.

"बोल रे राजा," तो कुजबुजला.

लिंबूचे डोळे बारीक झाले. आवाज कानातून आला होता आणि समोरूनही आला होता. त्याने फोन कानापासून दूर नेला, त्यावरचा दाढीवाला फोटो पाहिला. समोरच्या माणसाचे ओठ पाहिले. फोन पुन्हा कानाला लावला.

"बाबा," तो सावधपणे म्हणाला, "मला पाडलं."

फिटर फोनमध्येच म्हणाला, "कोणी रे?"

समोरचे ओठ हलले आणि फोनमध्ये शब्द आला. लिंबू बघतच राहिला. मग लिंबूची हनुवटी थरथरली.

"तू," तो म्हणाला. "तू पाडलंस!"

आणि फोन वाळूत पडला. लिंबू दोन्ही मुठी वळून फिटरवर तुटून पडला. छातीवर, खांद्यावर, हनुवटीवर, जिथे पोहोचेल तिथे. "ओरडायचं ना! मला ऐकूच नाही आलं! मी वाट बघत होतो! किती वाट बघत होतो! तू सांगितलंच नाहीस! तू इथेच होतास आणि सांगितलंच नाहीस!" त्याला रडू फुटलं ते असं मोकळं की किनाऱ्यावरची माणसं वळून बघायला लागली. पाहुण्यासमोर असं रडायचं नसतं हे आईने शिकवलेलं त्याच्या गावीही नव्हतं.

"चुकलो," फिटर म्हणाला. "चुकलो रे. मार. अजून मार." तो हसत होता की रडत होता ते त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं. कंपनीला काय कळवायचं ते त्या बुक्क्या खातानाच त्याचं ठरून गेलं. पोराने दमून शेवटी त्याच्या मानेत तोंड खुपसलं, तरी एक मूठ खांद्यावर आपटतच होती.

वाळूतला फोन थोरलीने उचलला, फ्रॉकला पुसला आणि आईला लावला. शिवणयंत्राची धडधड इथपर्यंत ऐकू आली.

"आई, लिंबू बाबाला मारतोय."

"कुठल्या?" आईने विचारलं.

थोरलीने दोघांकडे पाहिलं. "कुठल्या काय, आई? एकच तर आहे आपल्याकडे."

यंत्र थांबलं.

"मग मारू दे," आई म्हणाली, आणि त्यानंतर बराच वेळ ती फोन धरूनच होती.